कुरळं पॉलिएस्टर

भाड्याचं बोलणं सुरू होण्याआधी आमच्या घरमालकांनी माझ्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला.

आम्ही तेव्हा गोडादऱ्यात खोल्या शोधत फिरत होतो. आम्ही म्हणजे मी, हे आणि यांच्या कडेवर आमची मनू. सुरतेतले घरमालक काय काय विचारतात ते एव्हाना पाठ झालं होतं. गाव कोणतं, मांसमच्छी खाता का, पाहुणे फार येतात का, मोटर कितीदा लावता. या गृहस्थांनी त्यातलं काहीएक विचारलं नाही. दार उघडलं, यांच्या नमस्काराकडे दुर्लक्ष केलं, माझ्या केसांकडे पाहिलं आणि 'एक मिनिट हं' म्हणून आत गेले. येताना हातात औषधाचा ड्रॉपर होता.

"बाई, जरा मान खाली घ्या."

मी शाळेत शिकवते. लोकांना मान खाली घालायला लावणं हे माझं काम. पण त्या आवाजात इतका अधिकार होता की मी मुकाट्याने घातली. त्यांनी थेंब टाकला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. हे माझ्याकडे बघत होते, मी चपलांकडे बघत होते आणि मनू त्यांच्या टकलाकडे बघत होती. त्या डोक्यावर स्वतःचा म्हणावा असा एकही केस नव्हता, हे इथेच सांगून टाकते. थेंब माझ्या केसांवर मेणकापडावर बसावा तसा बसून राहिला.

"नाही लागत," ते समाधानाने म्हणाले. "पाणी लागतच नाही. मला दारातूनच वाटलं होतं. वरच्या खोल्या तुमच्या. पण तेल बंद."

अशी आमची आणि काकांची ओळख झाली.

काका पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलच्या लॅबमधून निवृत्त झाले होते. मागावरून उतरलेलं कोरं कापड तिथे यायचं, धुतलं जायचं, रंगायचं, छापलं जायचं. ते पाणी पितं की नाही, रंग धरतं की नाही, धरलेला रंग सोडतं की काय, हे बघायचं काम काकांकडे होतं. उभा जन्म त्यांनी कापडावर थेंब टाकून तो जिरायची वाट बघण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर कापड मिळेना, तेव्हा मिळेल त्यावर थेंब टाकू लागले. पापड, पुठ्ठा, भिंतीचा नवा रंग, मुंजीचं निमंत्रण. माणसांचंही ते असंच ठरवायचे. एखाद्याला चार गोष्टी सांगून उपयोग नसला की म्हणायचे, "त्याला लागत नाही." आमच्या यांच्याबद्दल त्यांनी पहिल्याच महिन्यात हा निकाल दिला होता. मी हरकत घेतली नाही.

केसांबद्दलचा त्यांचा सिद्धान्त सोपा होता. काही केस सुती असतात, पाणी दिलं की गटागटा पितात. काही ब्लीच करून जाळलेल्या सुतासारखे. पितात लगेच आणि सोडतातही लगेच. पार्लरमध्ये जाऊन रंगवून सरळ करून आलेल्या बायका त्यात यायच्या आणि त्यांच्याबद्दल ते हळहळून बोलायचे. तिसरा प्रकार माझा.

"तुमचे म्हणजे पॉलिएस्टर. कुरळं पॉलिएस्टर."

मला राग आला. नंतर विचार केला की ज्या गावात अर्ध्या घरांची चूल पॉलिएस्टरवर पेटते तिथे या शब्दाचा राग मानायचं कारण नाही.

"केसावर खवले असतात, माशासारखे," काका समजावून सांगायचे. "तुमचे घट्ट मिटलेले. पाणी बाहेरच्या बाहेर घसरतं. आणि एकदा कसंबसं आत गेलं की बाहेर येत नाही. सकाळी न्हालात तर केस कधी वाळतात?"

"मधल्या सुट्टीनंतर."

"बरोबर ने? आणि तेल लावलं की?"

"चिकट होतात. दोन दिवसांत धूळ बसते."

"कारण ते आत जातच नाही. वर बसतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावतं."

खरं सांगते, मला त्या क्षणी थोडं भरून आलं. लहानपणापासून माझ्या केसांना सगळ्यांनी नावंच ठेवली होती. झिपऱ्या, केरसुणी, वानरीचं डोकं. आईने बाटल्या रिकाम्या केल्या, आत्याने अंडी फोडली, मैत्रिणींनी इस्त्री फिरवली. पण ते न्हाल्यावर वाळत का नाहीत आणि तेल लावल्यावर मऊ का होत नाहीत, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते एका टकलू माणसाने सांगितलं.

उपाय एकच, ऊब. पॉलिएस्टर थंड पाण्यात रंग घेत नाही, त्याला बंद मशीनमध्ये वाफेत उकळावं लागतं. "तुमच्या डोक्याला कुकर लावता येत नाही," काका खेदाने म्हणायचे, "म्हणून गरम टॉवेल." कोमट पाण्याने धुवायचं, ओल्या केसांनाच कंडिशनर चोळायचं, वर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळून बसायचं, मग खवले जरा उघडतात. खोबरेल नको, लोणी नको, अंडी तर मुळीच नकोत. कोरडे असताना कंगवा लावायचा नाही. आणि बोअरच्या पाण्याने शेवटचा हात फिरवायचा नाही, कारण त्यातला क्षार केसांवर थापला जातो. मग पाणी कोणतं? तर शेजाऱ्यांच्या एसीच्या नळीतून ठिबकणारं. काकांनी त्याखाली बादली लावली होती. शेजारी पटेलभाई आधी हसले, मग नळीची दिशा बदलली, मग काकांनी त्यांच्या सुनेच्या डोक्यावर थेंब टाकला आणि नळी पुन्हा आमच्या बाजूला आली.

काकूंच्या दुधाच्या पातेल्यात ते जवस उकळायचे. त्याचा जो बुळबुळीत चीक निघतो तो ओल्या केसांना लावला की कुरळे नीट बसतात. "हे आपलं प्रिंटिंगचं गमच," असं म्हणून ते बोटाने तार धरून बघायचे. काकूंनी दुधाला दुसरं पातेलं घेतलं. तेही गेल्यावर त्यांनी पिशवीतून थेट कपात दूध ओतायला सुरुवात केली.

पाहुण्यांसाठी काकांकडे वेगळी सोय होती. पाहुणा बसला की एक केस मागून घ्यायचा, साबणाने धुवायचा आणि पाण्याच्या ग्लासात सोडायचा. तरंगला तर पॉलिएस्टर, बुडाला तर सुती. हे फारसं विश्वासाचं नाही, तेल राहिलं तर काहीही तरंगतं, असं तेच सांगायचे. पण करमणूक होते म्हणून करायचे. एकदा गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने घाम पुसत टेबलावरचा तो ग्लास उचलला आणि पिऊन टाकला. काका त्याच्याकडे बघत राहिले. "बुडाला," एवढंच म्हणाले.

या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे जमायचंच नाही, एखाद्याला शिट्टी वाजवता येत नाही तसं. मिलमध्ये त्यांचा निरोप समारंभ झाला तेव्हा शेठजींनी शाल पांघरली. काका माईकपाशी आले, खिशातून पांढरा रुमाल काढला, समोरच्या ग्लासात भिजवला आणि शालीवर घासला. रुमाल गुलाबी झाला. तो त्यांनी सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणाले, "रबिंग फेल." शाल शेठजींच्याच मिलमध्ये रंगलेली होती. भाषण तेवढंच झालं. ही हकिकत मला काकूंनी सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "जेवण मात्र चांगलं होतं हो."

काकूंचा डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. त्याचं कारण मला तिथे राहायला गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी कळलं. पदराखाली जट होती. मनगटाएवढी जाड, गुंडाळून अंबाड्यासारखी बसवलेली, हळदीने पिवळी झालेली. मानेत आपोआप गुंता होऊन केसांची अशी दोरी झाली की आपल्याकडे म्हणतात, देवी आली. मग ती कापायची नाही, विंचरायची नाही, जन्मभर सांभाळायची. काकूंनी सांभाळली होती. काकांनी लग्नानंतरची सगळी वर्षं ती सोडवायची परवानगी मागितली होती आणि काकूंनी एकदाही दिली नव्हती. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांच्या डोक्यावर थेंब टाकून झाले होते. घरातलं एक डोकं तेवढं राहिलं होतं.

मग मला टायफॉइड झाला.

सासूबाई अमळनेरकडच्या आमच्या गावाहून धावत आल्या. त्यांनी माझं जेवढं केलं तेवढं सख्ख्या आईने केलं नसतं, हे मी कुठेही लिहून देईन. पेज भरवली, पाय चेपले, मनूला सांभाळलं, आणि ताप डोक्यात जाऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ टाळूवर तेल जिरवलं. जिरवलं असं त्यांना वाटत होतं. काकांना खाली खोबरेलाचा वास गेला की ते जिन्याच्या पायथ्याशी येऊन ओरडायचे, "ताई, तेल बंद करा! ते लागत नाही तिला!"

सासूबाई वरून बघायच्या आणि मला त्यांच्या अहिराणीत विचारायच्या, "टकल्याले केसस्नं काय समजस?"

अंगात बोलायचं त्राण नव्हतं. महिनाभर मी एका कुशीवर पडून होते. घाम, तेल, उशीचा सुती अभ्रा आणि न धुतलेले कुरळे केस. ताप उतरल्यावर सासूबाई अंबाडा सोडायला बसल्या आणि अंबाडा सुटेना. त्यांनी मानेपाशी बोटं फिरवली. मग एकदम हात काढून घेतला, मागे सरकल्या आणि मला हात जोडले.

"देवी उनी व माय," त्या म्हणाल्या. "हात नको लावू. ती बठेल शे."

दुसऱ्या दिवशी माझ्या मानेला हळदकुंकू लागलं. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका पाया पडायला आल्या. शाळेत जायला लागले तेव्हा एका पालकाने टेबलावर नारळ ठेवला आणि मुलाचं गणित सुधारू दे म्हणाला. गणित मीच शिकवत होते, त्यामुळे कोणत्या नात्याने मागणं केलंय ते मला कळलं नाही. मुख्याध्यापिका बाई खोलीत बोलावून दार लावून म्हणाल्या, "माझ्या बदलीचं जरा बघाल का?"

हसू यायचं, पण मान हलवली की गुंता ओढायचा. डोकं ठणकायचं, वास यायला लागला होता. सासूबाईंनी नवस बोलून टाकला होता. चैत्रात वणीच्या गडावर जायचं, पूजा करायची आणि जट देवीच्या नावाने कायमची ठेवायची. हे म्हणाले, "तुम्ही दोघी बघा बुवा."

लोक म्हणतील, शिकलेली बाई, कात्री घ्यायची आणि मोकळं व्हायचं. मी घेतलीही होती. पण सासूबाईंनी आधीच गावातल्या एका बाईची गोष्ट सांगून ठेवली होती. तिने जट कापली आणि तिच्या लेकराचं काय झालं ते. मी ऐकायचं नाही म्हणून कान झाकले होते, तरी ऐकू आलं. आरशासमोर कात्री हातात धरून उभी होते तेवढ्यात मनू आली. तिचे केस माझेच, तसेच्या तसे. "आई, माझे पण काप," म्हणाली. मी कात्री खाली ठेवली. गणितात पदवी आहे माझी. पण मूल झालं की पदवी भिंतीवर राहते आणि आपण खाली असतो. माझा विश्वास नव्हता आणि माझी हिंमतही नव्हती. मला तो गुंता जायला हवा होता आणि मनूच्या केसालाही धक्का लागायला नको होता.

काका वर आले. आजारी बाईकडे जायचं म्हणून सदरा घालून आले होते. त्यांनी लांबूनच मानेकडे पाहिलं.

"नमदा झालाय," ते म्हणाले. "ओली लोकर दाबून जाड थर होतो तसा. ताई, कात्री लावायची नाही, एवढंच ना तुमचं?"

"हां भाऊ. कात्री नही."

"गरम पाणी चालेल ने?"

सासूबाई विचारात पडल्या. गरम पाण्याला देवीने बंदी केल्याचं त्यांनी कुठे ऐकलं नव्हतं.

"मी देवीला काढत नाही," काका म्हणाले. "मी तेल काढतो. ती असेल तर राहील."

ही अट सासूबाईंना पटली. चैत्रात न्यायला येते असं बजावून त्या गावी गेल्या, आणि आमच्या दुपारी सुरू झाल्या.

शाळेतून आले की मी खाली काकूंच्या मागच्या ओट्यावर बसायची. एसीचं पाणी गरम झालेलं असायचं. अडचण अशी होती की काका परक्या बाईच्या केसांना हात लावत नव्हते. थेंब टाकणं वेगळं, हात लावणं वेगळं, असा त्यांचा हिशेब होता. आणि केस सोडून बसलेल्या बाईकडे टक लावून बघत बसणंही त्यांना बरं वाटत नव्हतं. म्हणून त्यांनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिथून हुकूम द्यायला सुरुवात केली. हात काकूंचे.

काकूंनी का कबूल केलं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या फावल्या वेळात साड्यांचं धागा कटिंग करायच्या, म्हणजे भरतकामाच्या मशीनवरून आलेल्या साडीच्या पाठीमागे लोंबणारे धागे कापून ती साफ करायच्या. त्या बोटांना एकेक धागा वेगळा दिसायचा. "बघू तर खरं," त्या म्हणाल्या, "असली तर राहील."

"टॉवेल गरम आहे?" भिंतीकडून आवाज यायचा.

"आहे."

"मग थांबा. घाई नको. खवले उघडू द्या. आता कंडिशनर. टोकापासून. वर जाऊ नका. टोकापासून सोडवत वर."

काकू दोन बोटांनी एक केस धरायच्या, दुसऱ्यापासून सोडवायच्या, खाली आणायच्या. मग पुढचा. गळालेले केस कागदावर ठेवायच्या आणि काका ते खिडकीच्या उजेडात भिंगाखाली धरून बघायचे. मुळासकट आलेला म्हणजे आपणहून गळालेला, तो चालेल. मधे तुटलेला आला तर ते दुःखी व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी पाणी जास्त गरम करायचे. रात्री झोपायला त्यांनी मला मार्केटमधून सॅटिनचा तुकडा आणून उशीला शिवून दिला. टाके स्वतः घातले होते. ते मला अंगठ्याएवढे दिसले.

नमदा टोकाकडून सुटायला लागला. हातभर दोरी वीतभर झाली, मग बोटभर. काका भिंतीकडे तोंड करून गुणगुणायला लागले.

अशाच एका दुपारी काकू बोलल्या. कुणी विचारलं नव्हतं.

"आम्हाला मुलगा झाला होता. बारशाआधीच गेला. मी अंथरूण धरलं ते किती दिवस कुणास ठाऊक. उठले तेव्हा ही होती मानेवर. सगळे म्हणाले, देवी आली. मला बरं वाटलं बघ. कुणीतरी आलं होतं."

त्यांची बोटं थांबली नव्हती. मला मागे वळून त्यांचा हात धरावासा वाटला, पण केस त्यांच्याच हातात होते.

"टोकापासून," काका भिंतीला म्हणाले.

शेवटी अगदी कातडीलगत बोराएवढी एक गाठ राहिली आणि ती हलेना. काकांनी सगळं करून पाहिलं. पाणी गरम केलं, इतकं की मानेला चटका बसून फोड आला. जवस झालं, वाफ झाली, कंडिशनर रात्रभर लावून ठेवून झालं. आतला केस आतच गुंडाळला गेला होता, तिथवर काही पोचतच नव्हतं. चैत्र लागला. सासूबाईंचा फोन आला की त्या रविवारी येतायत, गाडी ठरवली आहे. एवढीशी का असेना, गाठ होती, आणि त्यांच्या दृष्टीने एवढीशी म्हणजेच देवी आपली जागा सोडत नाही.

शनिवारी काकांनी भिंतीला पाठ दिली. पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बसले.

"बाई, माझ्याकडे आता काही नाही," ते म्हणाले. "लागत नाही तिथे. मी ताईंना तसंच सांगणार."

मला रडू आलं. मी लपवलं नाही. जन्मभर मानेवर हळद घेऊन फिरायचं, मुलांच्या आयांनी पाया पडायचं, आणि उद्या मनूच्या मानेला गुंता झाला की तिलाही हात जोडायचे. काका उठले, उभे राहिले, पुन्हा बसले आणि काय करावं ते न कळून त्यांनी खुर्ची परत भिंतीकडे फिरवली.

"एकदा शेवटचं बघते," काकू म्हणाल्या.

त्यांनी माझं डोकं पुढे वाकवलं. मानेपाशी ओढ बसली. मग काहीतरी गार कातडीला लागलं आणि ओढ एकदम गेली. काकूंनी तळहात माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्यात ती गाठ होती, आणि दुसऱ्या हातात धागा कटिंगचा छोटा कटर. मी 'मनू' एवढंच म्हणू शकले.

"गप," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. "देवीची आणि माझी जुनी ओळख आहे. तुझ्या लेकीचं नाव नाही येणार. कापली ती मी. मी बघते काय ते."

त्यांनी गाठ कनवटीला खोचली आणि पदर ओढून घेतला.

"काय झालं?" काका. "थांबलात का?"

"सुटली," काकू म्हणाल्या.

"सुटली?"

"सुटली म्हणजे सुटली."

मिलमध्ये मशीनच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाला तो कटर ऐकू आला असेल की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. गळालेले केस कुठे आहेत, असंही विचारलं नाही.

रविवारी सकाळी सासूबाई आल्या. पाणीसुद्धा न घेता त्यांनी माझी मान चाचपली, खालून वर, वरून खाली. बोटं भराभर फिरत होती. काही सापडेना तेव्हा त्या तशाच जिना उतरून खाली गेल्या. मी मनूला घेऊन मागोमाग. काका ओट्यावर पेपर वाचत होते, काकू दारात उभ्या होत्या. हा माणूस खोटं बोलत नाही हे सासूबाईंना ठाऊक होतं. शालीची गोष्ट आमच्या गावापर्यंत गेली होती.

"भाऊ, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "कात्री लाई का?"

काकांनी पेपराची घडी घातली. ती नीट झाली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. एकदा काकूंकडे बघितलं. मनूला मी घट्ट धरलं होतं, इतकं की ती कुरकुरली.

"माझ्या देखत नाही," काका म्हणाले.

सासूबाईंनी ते वाक्य थोडा वेळ तपासलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. डोळ्यांत पाणी आलं, ते सुटकेचं होतं की देवी गेल्याचं, ते मला कळलं नाही.

"मंग तिना मनथीन गई व्हई," त्या म्हणाल्या. "पन गडवर ते जानंच पडी. नवस बोलेल शे. गाडी उभी शे."

"मी पण येते," दारातून काकू म्हणाल्या. "मला तिच्याशी बोलायचं आहे."

सासूबाईंना आनंद झाला. जट असलेली सवाष्ण गाडीत असणं चांगलं. काकू पातळ बदलायला वळल्या तेवढ्यात काका उठून खुंटीवरचा सदरा काढायला लागले. मुलगा गेल्यापासून हा माणूस कुठल्या देवळाची पायरी चढला नव्हता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"तुम्ही कुठे?" काकूंनी विचारलं.

काकांनी सदऱ्याची बटणं लावली. वरचं खाली आणि खालचं वर लागलं होतं, ते सोडून पुन्हा लावली.

"तुम्ही एकट्या काय सांगणार तिला," ते म्हणाले. "मी साक्षीला येतो."